पावसाळ्यानंतर कार्बन फोर्क उतरवून कसा तपासावा

रोड सायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे जे दोन पाय आपल्याला दिसतात, तो फोर्कचा केवळ अर्धा भाग असतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे स्टीअरर ही नळी. ती फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीतून, म्हणजे हेडट्यूबमधून, वर जाते आणि हँडलला धरणाऱ्या स्टेम या जोडभागाच्या पकडीत संपते. सायकल धुताना, पुसताना किंवा चेनला तेल देताना ही नळी कधीच दृष्टीस पडत नाही. मात्र हँडलवर टाकलेला भार, खड्ड्यांचे हादरे आणि ब्रेक दाबल्यावर येणारा ताण हे सारे तिलाच सोसावे लागते. म्हणून ठाणे आणि नवी मुंबईत बाराही महिने सायकल चालवणाऱ्याने वर्षातून एकदा, शक्यतो पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरमध्ये, फोर्क पूर्ण उतरवून तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, असे माझे ठाम मत आहे. सवय नसलेल्या माणसालाही हे काम रविवारच्या एका सकाळी निवांतपणे करता येते.

कार्बनच्या बाबतीत ही दक्षता अधिक लागते, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. केसाहूनही कितीतरी बारीक असे कार्बनचे तंतू इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून, त्यांचे थर वेगवेगळ्या कोनांत एकावर एक रचून आणि साच्यात तापवून फोर्क घडवला जातो. तंतूच्या दिशेने हा पदार्थ अतिशय ताठ आणि मजबूत असतो, परंतु आडवा चिमटा, टोकदार कडेचा दाब किंवा थर सुटणे त्याला मानवत नाही. पोलादी फोर्क मोडण्यापूर्वी बहुधा वाकतो आणि तो वाकलेला आपल्याला दिसतो. कार्बन मात्र न वाकता आपले बळ गमावतो आणि बाहेरून पूर्वीसारखाच दिसत राहतो. याचा अर्थ तो दुबळा आहे असा नाही. २००६ सालच्या पॅरिस-रुबे शर्यतीत अमेरिकी सायकलपटू जॉर्ज हिनकॅपी याच्या सायकलचा स्टीअरर भर शर्यतीत तुटला आणि तो खांद्यावर कोसळला. तो स्टीअरर ॲल्युमिनियमचा होता, आणि त्याच शर्यतीत हिनकॅपी त्याआधी एकदा पडला होता. धातू असो वा कार्बन, आधीच्या आघाताने झालेली आणि कोणी न पाहिलेली इजा हेच अशा अपघाताचे मूळ असू शकते.

आपल्या भागात या इजेला हातभार लावणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. पाम बीच मार्ग खाडीच्या कडेने जातो आणि तिथली हवा दमट व खारी असते. घोडबंदर मार्गावर अवजड वाहनांनी उखडलेल्या डांबरातले खड्डे पावसाच्या पाण्याखाली दडलेले असतात. उड्डाणपुलांचे सांधे, पेव्हर ब्लॉकचे पट्टे आणि रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली-वर बसवलेली मॅनहोलची झाकणे पुढच्या चाकाला थेट ठोकर देतात. त्याखेरीज एक कारण असे आहे की ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्यापैकी अनेकजण घरातच ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर, सायकल चालवतात. त्या वेळी घामाच्या धारा थेट स्टेमवर आणि त्याच्या माथ्यावरच्या झाकणावर, म्हणजे टॉप कॅपवर, पडतात व तिथून हेडसेटमध्ये, म्हणजे स्टीअररला फिरू देणाऱ्या वरच्या-खालच्या बेअरिंगच्या जोडीत, झिरपतात. माझ्या अनुभवात पावसाच्या पाण्यापेक्षा हा घाम हेडसेटचे अधिक नुकसान करतो, कारण पाऊस वरचेवर धुवून निघतो आणि मीठ मात्र तिथेच साचत जाते.

कामाला बसण्यापूर्वी लागणाऱ्या वस्तू जवळ घ्याव्यात: ४ आणि ५ मिलिमीटरच्या ॲलन की, कमी टॉर्क (बोल्ट आवळताना लागणारा पिळाचा जोर) अचूक दाखवणारा टॉर्क रेंच, कार्बन असेंब्ली पेस्ट (पकड वाढवणारी कणदार पेस्ट), ग्रीस, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुन्या सुती कपड्याची फडकी, बारीक झोताची विजेरी आणि मास्किंग टेप. यांपैकी टॉर्क रेंचला पर्याय नाही. जो कार्बनची सायकल विकत घेऊ शकतो, त्याने तो रेंचही घ्यावा, किंवा दोन-चार मित्रांनी मिळून एक घ्यावा. पण हाताच्या अंदाजाने हे काम करू नये.

फोर्क उतरवण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी आणि दुसऱ्या हाताची बोटे हेडसेटच्या फटीवर ठेवावीत. तिथे टकटक जाणवली तर हेडसेट सैल आहे. मग पुढचे चाक उचलून हँडल अगदी सावकाश एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरवावे. हँडल सरळ येताच ते एखाद्या खाचेत अडकल्यासारखे थांबत असेल, तर बेअरिंग खराब झाले आहे. त्यानंतर स्टेमखाली आणि स्टेमवर कोणते स्पेसर, म्हणजे स्टीअररवर चढवलेल्या कड्या, कोणत्या क्रमाने आहेत, याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. पुढे जोडणीच्या वेळी हे छायाचित्र हमखास उपयोगी पडते.

आता चाक काढावे. रिम ब्रेक असेल तर फोर्कच्या क्राउनमागे, म्हणजे दोन्ही पाय जिथे एकत्र येतात त्या भागामागे, आत बसलेला नट ॲलन कीने सोडवून कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, बाजूला घ्यावा. डिस्क ब्रेक असेल तर डाव्या पायावरचा कॅलिपर त्याचे दोन बोल्ट काढून मोकळा करावा, ब्रेक पॅडमध्ये प्लॅस्टिकची चकती सरकवावी आणि काम संपेपर्यंत लिव्हरला हात लावू नये, कारण रोटर, म्हणजे चाकावरची ब्रेकची तबकडी, मध्ये नसताना लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर सरकतात आणि चाक पुन्हा बसत नाही. हायड्रॉलिक नळी फोर्कच्या पायातून आत गेलेली असेल, किंवा सगळ्या केबल स्टेममधून आणि हेडसेटमधून जात असतील, तर मात्र हे काम विश्वासू मेकॅनिककडून करून घ्यावे आणि फोर्क उतरवला जात असताना स्वतः तिथे उभे राहून पाहावे. अशा सायकलीत ब्रेकची नळी तोडून पुन्हा ब्लीड करावी, म्हणजे तिच्यातली हवा काढावी लागते व त्यासाठी वेगळी साधने लागतात.

साध्या रचनेत प्रथम टॉप कॅपचा बोल्ट काढावा. मग एका हाताने फोर्क खालून धरून स्टेमचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने सैल करावेत. हात सोडला तर फोर्क निसटून थेट फरशीवर आदळू शकतो. स्टेम आणि हँडल केबलसह बाजूला लोंबू द्यावेत आणि फ्रेमला चरा पडू नये म्हणून मध्ये फडके गुंडाळावे. वरच्या बेअरिंगमधली चिरलेली रिंग, म्हणजे कॉम्प्रेशन रिंग, पुष्कळदा घट्ट धरून बसते. अशा वेळी स्टीअररच्या माथ्यावर तळहाताने किंवा रबरी हातोडीने अलगद ठोकावे. लोखंडी हातोडी वापरू नये. स्टीअररच्या आत फुलून घट्ट बसणारा एक्स्पांडर प्लग किती खोलवर आहे, त्याची टेपने खूण करून मग तोही सैल करून काढावा.

इथून पुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यासाठी घाई करू नये. स्टीअरर अल्कोहोलने स्वच्छ पुसून जुनी पेस्ट, ग्रीस आणि मळ पूर्ण काढावा. मग खोलीतला दिवा मालवून विजेरीचा झोत नळीच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा आणि नळी हळूहळू फिरवत पाहावे. सरळ पडणाऱ्या प्रकाशात न दिसणारी रेघ तिरप्या प्रकाशात सावली टाकते. नजर प्रथम दोन ठिकाणी जायला हवी. पहिली जागा स्टेमच्या खालच्या कडेची. आपण हँडल ओढतो किंवा त्यावर भार देतो, तेव्हा स्टीअरर वरच्या बेअरिंगच्या आधाराने वाकू पाहतो आणि स्टेमची कड त्यावर रुतते. दुसरी जागा अगदी तळाची, जिथे नळी क्राउनला मिळते आणि खालचे बेअरिंग बसते. खड्ड्याचा धक्का चाकातून वर येतो तेव्हा फोर्क एखाद्या लांब तरफेसारखा काम करतो आणि वाकवणारा जोर या जागी सर्वाधिक असतो. म्हणूनच आजच्या बहुतेक रोड सायकलींत स्टीअरर वर सव्वा इंचाहूनही थोडा बारीक, म्हणजे २८.६ मिलिमीटर, आणि खाली दीड इंच रुंद ठेवलेला असतो.

स्टेमच्या जागी नुसती चकाकी उडालेली असेल किंवा पेस्टच्या कणांनी पडलेले बारीक ओरखडे असतील, तर काळजीचे कारण नाही. पेस्टचे कामच घर्षण वाढवण्याचे आहे. परंतु नळीभोवती गोल फिरणारी रेघ, नखाला अडणारी खाच, स्टेमच्या चिरेसमोर उठलेला उभा वळ, दाबल्यावर किंचित आत जाणारा भाग, किंवा कापूस फिरवल्यावर त्यात अडकणारे तंतू, यांपैकी एकही आढळले तर तो फोर्क पुन्हा वापरू नये. नळीच्या आतही विजेरी टाकून पाहावे, कारण प्लग अवाजवी घट्ट केला गेला असेल तर उभा तडा आतून सुरू होतो.

याबाबत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. मी नेरूळला राहतो आणि काही वर्षांपूर्वी एका दुकानात स्टेम बदलून घेतला होता. काम करणाऱ्याने साधी ॲलन की पूर्ण जोर लावून आवळली. मी समोर उभा होतो आणि त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही. त्यानंतर मी त्याच सायकलवर खारघरच्या टेकडीवरून कितीतरी वेळा वेगाने उतरलो. ऑक्टोबरमध्ये फोर्क काढला, तेव्हा स्टेमच्या खालच्या कडेशी नळीचा जवळपास अर्धा घेर व्यापणारी खाच होती आणि तिथले तंतू नखाने उचलले जात होते. सायकल चालवताना ना आवाज आला होता, ना हँडल कधी सैल वाटले होते. तो फोर्क मी त्याच दिवशी करवतीने कापून टाकला, म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या सायकलला लागणार नाही. तेव्हापासून या कामात मी कोणाचीही भीड ठेवत नाही.

बाहेरचे पाय तपासणे तुलनेने सोपे आहे. रंगावरची बारीक भेग केवळ वार्निशची आहे की आतल्या थराची, हा प्रश्न मात्र वारंवार पडतो. एखादे नाणे घेऊन संशयित जागेच्या बऱ्याच वरून टिचक्या मारत खाली यावे. शाबूत कार्बनचा आवाज खणखणीत येतो. थर सुटले असतील तिथे तो अचानक बद्द होतो. एका पायाचा आवाज दुसऱ्या पायाच्या त्याच उंचीवरच्या आवाजाशी ताडून पाहावा, परंतु डिस्क ब्रेकच्या फोर्कमध्ये डावा पाय मुळातच जाड असतो आणि क्राउनपाशी भिंत जाड असल्याने तिथला आवाज बदलतोच, हे ध्यानात ठेवावे. त्यामुळे नाण्याने दोष सापडला तर तो खरा मानावा. नाण्याने काही सापडले नाही म्हणून फोर्क निर्दोष ठरवू नये. संशयित जागा अंगठ्याने दाबल्यावर कुरकुर ऐकू आली किंवा ती लवली, तर निर्णय झाला. समोरून गाडीला किंवा दुभाजकाला धडक बसली असेल, तर बाहेर काहीही न दिसता फोर्क बदलणे हेच मला योग्य वाटते.

ड्रॉपआउट, म्हणजे चाकाचा आस जिथे बसतो ती टोके, काही फोर्कमध्ये ॲल्युमिनियमची असतात आणि कार्बनला चिकटवलेली असतात. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले असतील आणि मध्ये खारट ओल असेल, तर तिथे बॅटरीच्या सेलसारखी क्रिया सुरू होते व ॲल्युमिनियम झिजते. चिकटवलेल्या सांध्याशी पांढरी भुकटी दिसली किंवा रंगाला फुगवटा आला असेल, तर तो याच क्रियेचा पुरावा समजावा. फोर्क उलटा करून हलवावा. पायांच्या पोकळीत साचलेले पाणी असेल तर ते निघून जाऊ द्यावे.

बेअरिंगवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. ते गोड फिरत असेल तर पुसून, बाहेरून ग्रीसचा थर देऊन परत बसवावे. खडखडत असेल तर बदलावे. त्याच्या कडेवर माप आणि कोन कोरलेले असतात, तेच आकडे दुकानात सांगावेत. ३६ अंशांच्या जागी ४५ अंशांचे बेअरिंग बसल्यासारखे भासते, पण ते नीट टेकत नाही. खाडीकाठच्या हवेत स्टेनलेस बेअरिंगचे थोडे अधिक पैसे वसूल होतात. क्राउनवर तांबूस डाग दिसले तर घाबरू नये, कारण कार्बनला गंज चढत नाही. तो गंज बेअरिंगचा असतो आणि पुसला की जातो.

जोडणी करताना बेअरिंगच्या बैठकींना ग्रीस लावावे, मात्र स्टेम जिथे स्टीअररला धरतो तिथे ग्रीसचा लवलेशही नको. तिथे असेंब्ली पेस्टचा पातळ थर द्यावा. या पेस्टमुळे कमी टॉर्कवरही पकड पक्की होते. स्टेमच्या आतल्या कडेवरून बोट फिरवून पाहावे आणि धार लागत असेल तर बारीक पॉलिश पेपरने ती घासून मऊ करावी. ज्या स्टेमचा आतला भाग वजन वाचवण्यासाठी मोठा कोरून काढलेला असतो, तो कार्बन स्टीअररसाठी घेऊच नये, कारण त्याचा दाब दोन अरुंद पट्ट्यांवर एकवटतो. एक्स्पांडर प्लग स्टेमच्या पकडीच्या नेमका मागे येईल इतक्या खोलीवर बसवून त्यावर लिहिलेल्या टॉर्कने आवळावा. प्लग केवळ टॉप कॅपला आधार देत नाही, तर स्टेमच्या दाबाखाली नळी चेपू नये म्हणून तिला आतून पेलतो. ॲल्युमिनियमच्या किंवा पोलादी स्टीअररमध्ये ठोकून बसवायचा स्टार नट कार्बनमध्ये कधीही ठोकू नये. त्याचे दात नळीच्या आतले तंतू कापतात.

स्टेमखालच्या स्पेसरची एकूण उंची फोर्कच्या निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत असावी. ती पुष्कळदा ३० किंवा ४० मिलिमीटर असते. स्टेमवरही ५ मिलिमीटरचा एक स्पेसर ठेवण्याची पद्धत मला चांगली वाटते, कारण त्यामुळे स्टेम नळीच्या टोकावर न येता पूर्ण उंचीभर तिला धरतो. नळीचे टोक सर्वांत वरच्या स्पेसरच्या कडेपासून सुमारे ३ मिलिमीटर खाली राहिले पाहिजे. ही फट नसेल तर टॉप कॅप नळीवरच टेकते आणि हेडसेट कितीही आवळला तरी सैलच राहतो.

आता क्रम चुकवू नये. स्टेमचे बोल्ट सैल असतानाच टॉप कॅपचा बोल्ट थोडा थोडा आवळावा आणि दर वेळी पुढचा ब्रेक दाबून टकटक गेली का ते पाहावे. ती गेली, आणि पुढचे चाक उचलल्यावर हँडल स्वतःच्या वजनाने एका बाजूला वळत असेल, तर तिथेच थांबावे. टॉप कॅपचे काम एवढेच आहे. फोर्कला जागेवर धरतो तो स्टेम. मग स्टेम चाकाच्या रेषेत आणून त्याचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने, एका वेळी पाव वळसा, त्यावर छापलेल्या आकड्यापर्यंत आवळावेत. हा आकडा बहुतेक वेळा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. १० सेंटीमीटर लांबीच्या किल्लीच्या टोकाला साधारण ५ किलो वजन टांगण्याइतका हा जोर आहे, आणि मनगटाला तो इतका थोडा वाटतो की रेंच हातात नसेल तर जवळजवळ प्रत्येकजण त्याहून अधिक आवळतो.

फोर्क बदलण्याची वेळ आली, तर केवळ दिसायला सारखा मिळाला म्हणून घेऊ नये. स्टीअररचे वरचे आणि खालचे माप, ब्रेकचा प्रकार, आसाचा प्रकार, क्राउनपासून आसापर्यंतची उंची आणि रेक, म्हणजे आस पुढे किती झुकलेला आहे ते अंतर, ही पाचही मापे जुन्याशी जुळली पाहिजेत. रोड फोर्कचा रेक साधारण ४३ ते ५० मिलिमीटरच्या दरम्यान असतो आणि त्यात काही मिलिमीटरचा फरक पडला तरी सायकलचे वळणे जाणवण्याइतके बदलते. नवी नळी कापताना पाइप कटर वापरू नये, तो थर चिरडतो. खुणेवर मास्किंग टेप गुंडाळून, बारीक दात्यांच्या करवतीने, पाणी शिंपडत आणि तोंडावर मास्क लावून सावकाश कापावे. कार्बनची धूळ फुफ्फुसांना घातक असते. कापलेली कड पॉलिश पेपरने साफ करून तिच्यावर सुपरग्लूचा पातळ हात द्यावा. पहिल्यांदा जरा लांबच कापावे, कारण कमी करणे नेहमी शक्य असते.

जुनी सायकल विकत घेणाऱ्यांना एक सांगणे आहे. पैसे देण्यापूर्वी फोर्क उतरवून दाखवण्याची विनंती करावी. प्रामाणिक विक्रेता नकार देत नाही, आणि दिलाच तर ती सायकल सोडून द्यावी.

जोडणीनंतरची पहिली फेरी लहान ठेवावी: नेरूळ-सीवूड्सकडचे असाल तर पाम बीचच्या एका टोकापर्यंत, ठाण्याचे असाल तर उपवन तलावापर्यंत. घरी येऊन पुढचा ब्रेक दाबून टकटक पुन्हा तपासावी, कारण नव्याने ग्रीस लावलेली बेअरिंग पहिल्या काही किलोमीटरमध्ये किंचित खाली बसतात. टकटक आली असेल तर आधी स्टेमचे बोल्ट सैल करावेत, मग टॉप कॅप अंशभर आवळावी आणि स्टेम पुन्हा टॉर्क रेंचनेच बंद करावा.